मुलींच्या शाळेचं जुनं दप्तर: कपाटापासून इतिहासापर्यंत

शाळेची पंचाहत्तरी किंवा शताब्दी जवळ आली की समिती बसते आणि स्मरणिकेचं ठरतं. संस्थापकांवर दोन लेख, मुख्याध्यापिकांचे फोटो, देणगीदारांची यादी, जाहिराती. याला शाळेचा इतिहास म्हणायची सवय आपल्याला लागली आहे. पण मुलींच्या शाळेचा इतिहास मुलींचा असायला हवा. त्या कोणत्या आळीतून आल्या, कितव्या वर्षी आल्या, किती टिकल्या, कोणत्या इयत्तेतून आणि कशासाठी गेल्या? जनरल रजिस्टरात (शाळेत येण्या-जाण्याच्या मुख्य नोंदवहीत), नादारीच्या म्हणजे फी-माफीच्या अर्जांत, हजेरीपटांत आणि हिशेबाच्या वह्यांत हे ओळीओळीने लिहिलेलं असतं. आणि बहुतेक वेळा याच वह्या इमारतीच्या रंगकामाच्या वेळी रद्दीत जातात.

पुढची पद्धत बडोद्यातल्या, विश्वस्त संस्थेने चालवलेल्या खाजगी मराठी मुलींच्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या शाळांना जिथे वेगळं धोरण लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी ठराव, मग चावी

कपाट उघडण्याआधी विश्वस्त मंडळाचा लेखी ठराव घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: दप्तराची मालकी कोणाची, ते कुठे राहील, आणि कोणाला काय पाहता येईल. तोंडी परवानगीवर सुरू झालेलं काम मुख्याध्यापिका बदलल्या की थांबतं.

जनरल रजिस्टर हे कायम जपायचं दप्तर आहे. सत्तरीतल्या आजीसुद्धा पासपोर्टसाठी जन्मतारखेचा दाखला मागायला येतात आणि तो याच रजिस्टरातल्या एका ओळीवरून निघतो. म्हणून मूळ रजिस्टरं मुख्याध्यापिकांच्या ताब्यातच राहू द्या, संग्रहासाठी त्यांची छायाचित्रं घ्या. प्राथमिक विभागाचं वयपत्रक (तिथलं प्रवेशाचं रजिस्टर) असेल तर त्यालाही हाच नियम. कोणतीही वही खोलीबाहेर न्यायची झाली तर तारीख, वही, नेणाऱ्याची सही आणि परतीची तारीख असलेली पावती करा. शाळांमधून सर्वांत जास्त वस्तू हरवतात त्या ‘दोन दिवसांसाठी’ नेलेल्या, त्यातही फोटो.

माणसं चार पुरतात. जुनं हस्ताक्षर आणि जुनी माणसं ओळखणाऱ्या एक निवृत्त बाई, कार्यालयातले एक लेखनिक, संगणकावर हात बसलेली एक माजी विद्यार्थिनी, आणि गुजरातीबरोबर मोडी वाचणारं कोणीतरी. आठवड्यातल्या दोन ठरलेल्या दुपारी काम ठेवा. सुट्टीत एकदम सगळं उरकू म्हटलं की वह्या पसरल्या जातात, शाळा सुरू होते आणि ढीग तसाच कोपऱ्यात सरकवला जातो.

हात लावण्याआधी

पहिल्या दिवशी काहीही पुसू नका, लावू नका, वेगळं करू नका. प्रत्येक कपाटाला अक्षर द्या, प्रत्येक कप्प्याला क्रमांक द्या आणि कप्पा आहे तसा त्याचा फोटो काढा. मग डावीकडून उजवीकडे एकेक वस्तू नोंदवहीत उतरवा: जागा, वहीच्या पाठीवर किंवा पुठ्ठ्यावर लिहिलेलं नाव जसंच्या तसं, पहिली आणि शेवटची तारीख, लिपी, अवस्था. अवस्थेसाठी तीनच खुणा ठेवा: बरी, नाजूक, हात लावू नये.

मूळ क्रम मोडायचा नाही, याचं कारण व्यवहारातलं आहे. एखाद्या गाठोड्यात नादारीचा अर्ज, त्याला जोडलेलं मामलेदाराचं उत्पन्नाचं पत्र आणि फी-वहीचं एक पान एकत्र बांधलेलं असेल, तर तो कोणीतरी विचार करून बांधलेला एक पूर्ण प्रसंग असतो. अर्ज अर्जांत, पत्रं पत्रांत अशी वाटणी केली की तो प्रसंग संपला. पुन्हा जुळवता येत नाही, कारण कागदांवर एकमेकांचा उल्लेख नसतो.

जागा

बडोद्यात संग्रह तळमजल्यावर ठेवू नका. काळाघोडा पुलापाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट धरतात आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. नदीपासून लांब असलेल्या भागातही ३१ जुलै २०१९ सारख्या दिवशी पावसाचंच पाणी चढतं. सर्वांत वरचा मजलाही नको, तिथे स्लॅब तापतो आणि गळतो. मधल्या मजल्यावरची, स्वच्छतागृहाला किंवा पाण्याच्या टाकीला न टेकलेली खोली निवडा.

मांडण्या पावडर-कोटिंग केलेल्या लोखंडाच्या घ्या. लाकडाला वाळवी लागते. खालचा कप्पा जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर आणि मागची बाजू भिंतीपासून तेवढीच लांब हवी, म्हणजे हवा फिरते आणि वाळवीची माती वेळेत दिसते. खोलीत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं साधं यंत्र लावा आणि रोजचा आकडा लिहा. कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ८० टक्के नेहमीची. त्या दोन महिन्यांत खिडक्या बंद ठेवा, जमल्यास आर्द्रता शोषणारं यंत्र चालवा. खोलीला ऊब आणि वारा द्यायचा तो डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी. वह्या उन्हात घालू नका. ऊन कसर मारत नाही, कागद मात्र पिवळा आणि ठिसूळ करतं.

साफसफाई आणि बांधणी

सामान थोडं लागतं: मऊ केसांचे दोन इंची ब्रश चार, एन-९५ मुखवटे, नायट्राइलचे हातमोजे, एचबी पेन्सिली, पांढरी सुती नाडी, स्टार्च धुवून काढलेलं मांजरपाट, आम्लमुक्त कागद आणि खोकी. कागद हाताळताना हातमोजे नकोत. धुतलेले कोरडे हात बरे, कारण मोज्यात बोटाला कडेची चिरी कळत नाही. फोटो आणि निगेटिव्हसाठी मोजे हवेतच. खोलीत बॉलपेन आणायचं नाही, नोंदी पेन्सिलीनेच.

ब्रश वहीच्या मध्यापासून कडेकडे फिरवा. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका. टाचणीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सरकवा, पाय सरळ करा आणि मग उचला. रबरबँड, पिना, प्लास्टिकचे फोल्डर बाहेर काढा. वही कापडात गुंडाळून वरून नाडी बांधा, गाठ वहीच्या कडेला येऊ द्या. आम्लमुक्त खोकी महाग पडतात, म्हणून ती फोटो, हस्तलिखितं आणि नाजूक कागदांसाठी राखा. बाकीच्या रजिस्टरांना धुतलेलं मांजरपाट चांगलं चालतं. पोथ्यांच्या बांधणीत वेखंड ठेवायची जुनी रीत इथेही उपयोगी आहे, पण वेखंडाची पुरचुंडी करून कप्प्यात ठेवा. पूड पानांवर भुरभुरली तर डाग पडतात.

कसर दिसली तर ती वही दोन पॉलिथीन पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह यांना हा उपाय करू नका. डांबरगोळ्यांवर विसंबू नका. वासाने माणसं लांब राहतात, कसर मात्र राहते.

चांगल्या हेतूने झालेलं सर्वांत मोठं नुकसान लॅमिनेशनचं आहे. गरम लॅमिनेशनमधून कागद परत मिळत नाही आणि आतलं आम्ल आतच त्याला खातं. सेलोटेपचंही तसंच: काही वर्षांत गोंद तपकिरी होतो, कागदात उतरतो आणि अक्षरं घेऊन सुटतो. आधीच लावलेली सेलोटेप खरवडू नका. फाटलेलं पान जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जोडतात, पण ते शिकलेल्या हाताचं काम आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. दुरुस्तीआधी तिथे सल्ला घ्या. जुनी तपकिरी शाई लोहयुक्त असते, ती हळूहळू कागदाला भोकं पाडते आणि ओलाव्याने काम वाढतं. जांभळी शाई पाण्याचा थेंब लागताच पसरते. त्यामुळे ओल्या फडक्याचा विचारही नको.

पुराचं पाणी शिरलंच तर पहिले ४८ तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. भिजलेलं रजिस्टर उघडून पानं सोडवायला जाऊ नका. बंदच ठेवून पॉलिथीनमध्ये गुंडाळा आणि गोठवा. शहरातल्या शीतगृहाशी आधीच बोलून ठेवलेलं बरं. गोठलेला कागद महिनोन्‌महिने थांबतो आणि मग सावकाश सुकवता येतो. एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे होऊ देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवा आणि दोन दिवसांच्या आत जाणकाराकडे न्या.

क्रमांक

वर्ग आठ-दहाच करा: संस्था आणि विश्वस्त, प्रवेश, हजेरी आणि परीक्षा, हिशेब, सरकारी पत्रव्यवहार, शिक्षक आणि सेवक, इमारत, नियतकालिकं आणि हस्तलिखितं, फोटो, वस्तू. प्रत्येक वस्तूला दोन भागांचा आणि तिच्या प्रत्येक प्रतिमेला तीन भागांचा क्रमांक द्या. ०२-०१४ म्हणजे प्रवेश वर्गातली चौदावी वही, आणि ०२-०१४-००४५ म्हणजे तिची पंचेचाळिसावी प्रतिमा. फाइलच्या नावात हाच क्रमांक टाका, दुसरं काही नाही. ‘जुने रजिस्टर नवीन फोटो २’ अशा नावाच्या चार हजार फाइली झाल्या की त्या नसल्यासारख्याच.

जनरल रजिस्टर कसं वाचायचं

सगळ्या संग्रहाचा गाभा इथे आहे, म्हणून वेळ इथे घाला. साधारण रकाने असे असतात: अनुक्रमांक, नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडतानाची इयत्ता, कारण, शेरा.

तारखेपासून सुरुवात करा, कारण चुका इथेच होतात. बडोद्याच्या दप्तरात इसवी सन, शक आणि विक्रम संवत तिन्ही भेटतात. गुजरातचा संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत संवतातून ५७ वजा करा, जानेवारीपासून आसोअखेरपर्यंत (आसो म्हणजे आश्विन) ५६. म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध ५, संवत १९८२ ही तारीख १९२५ सालातली आणि त्याच संवतातला वैशाख १९२६ मधला. शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. ताळा असा घ्या: कार्तिक ते फाल्गुन संवत आणि शक यांत १३५ चा फरक येतो, चैत्र ते आसो १३४ चा. न आल्यास वाचनात चूक आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे संवत चैत्रात बदलतो आणि महिने पौर्णिमेला संपतात, त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचं नाव आपल्यापेक्षा एकाने पुढे असतं. तिकडची तारीख बडोद्याच्या हिशेबाने काढली तर महिनाभराची चूक सहज होते.

आकडेही फसवतात. गुजराती पाच देवनागरी ‘प’ सारखा दिसतो. एकाच पानावर दोन लेखनिकांनी दोन लिप्यांत आकडे लिहिलेले असतील तर लेखनिक बदलला ती ओळ आधी शोधा. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून वारंवार आली तर ती खरी धरू नका. तारीख ठाऊक नसली की प्रवेशाला सोयीची तारीख घालायची पद्धत होती. वयाचा सरासरी हिशेब करताना अशा ओळी वेगळ्या मोजा.

आता ‘शाळा सोडण्याचं कारण’. मुलींच्या शाळेत एवढा बोलका रकाना दुसरा नाही. समजा एका ओळीत मुलगी नवव्या वर्षी दुसरीत दाखल झाली, प्रगती ‘चांगली’, वर्तणूक ‘चांगली’, पाचवीतून नाव कमी, कारण ‘लग्न’. तारीख वैशाखातली. पुढच्या पानांवर वैशाख-ज्येष्ठातली अशी नावं मोजत गेलात की कोणत्या दशकात लग्नाने किती मुली गेल्या आणि कोणत्या इयत्तेतून गेल्या, हे त्या शाळेपुरतं पक्कं सांगता येतं. ‘लग्न’ दिसेनासं होऊन ‘एस.एस.सी. पास’ कधी वाढलं, ते वर्ष शोधा. शाळेच्या इतिहासातलं ते महत्त्वाचं वर्ष आहे, मग त्या वर्षी कुठलाही समारंभ झालेला नसो.

पण कारण जसंच्या तसं स्वीकारू नका. ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’ या शेऱ्यामागे लग्न असतं, थकलेली फी असते, आई आजारी पडून घरकाम अंगावर आलेलं असतं. फी-वहीतला शेवटचा भरणा आणि नादारीचा अर्ज त्या नावाशी ताडून पाहा. ‘गाव सोडले’ यात वडिलांची बदली असते. संस्थानी नोकरीतल्या कुटुंबांत कडी, नवसारी, अमरेली या प्रांतांत बदल्या होत, आणि काही मुली दोन वर्षांनी त्याच शाळेत परत येतात. त्यांना नवा अनुक्रमांक मिळतो. दोन्ही ओळी एकाच मुलीच्या आहेत हे न ओळखल्यास गळती फुगते.

कायद्यांची पार्श्वभूमी जवळ ठेवा. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केलं आणि १९०६ मध्ये सर्व राज्याला लागू केलं. तेव्हा मुलींसाठी वय ७ ते १० होतं. १९०४ च्या बडोदा राज्याच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात मुलीचं किमान वय १२ आणि मुलाचं १६ होतं. सक्ती दहाव्या वर्षी सुटते आणि लग्नाची मुभा बाराव्या वर्षी मिळते, म्हणून त्या काळच्या रजिस्टरात दहा ते बारा या वयाकडे विशेष लक्ष द्या. १९२९ चा बालविवाहांविरुद्धचा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बडोद्याच्या आकड्यांतला बदल त्याच्या खात्यावर सरळ मांडला तर चूक होईल.

सगळी रजिस्टरं एकदम मोजायची गरज नाही. ० आणि ५ ने संपणारी वर्षं घ्या आणि त्या वर्षी दाखल झालेल्या प्रत्येक मुलीची एक ओळ संगणकावर भरा: प्रवेशवय, प्रवेशाची इयत्ता, वडिलांचा व्यवसाय असल्यास तो, आळी, किती वर्षं शिकली, कोणत्या इयत्तेतून गेली, कारण. या तक्त्यात नाव घालू नका, रजिस्टरचा अनुक्रमांक पुरतो.

नावांची सूची मात्र वेगळी हवी, आणि ती मुलींच्या शाळेत अवघड असते. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतंच, शिवाय पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलायचं. रजिस्टरातली मुलगी आणि चाळीस वर्षांनी देणगी देणाऱ्या बाई एकच आहेत, हे कागदावरून कळत नाही. सूचीत माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांचं नाव आणि घरचं हाकेचं नाव असे चार रकाने ठेवा. रिकामे राहिले तरी चालतील, आठवणी गोळा करताना भरत जातात.

प्रतिमा काढणं

बांधीव रजिस्टर सपाट स्कॅनरवर उलटं दाबू नका, पाठ तुटते. फोमच्या दोन उतरत्या ठोकळ्यांवर वही अर्धी उघडी ठेवा, वर उभ्या स्टँडवर कॅमेरा किंवा चांगला फोन, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे. फ्लॅश नको. कागदाला ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० बिंदू) पुरतं, लहान फोटोंना ६००. ए-३ आकाराची उघडी दोन पानं ३०० पीपीआयला रंगीत टिफ स्वरूपात साधारण ५२ एमबी होतात. २०० उघडींचं रजिस्टर सव्वादहा जीबीच्या आसपास जातं, हे धरून डिस्क घ्या. कोरी पानंही टिपा. नाहीतर पान सुटलं की कोरं होतं, हा वाद कायम राहतो. प्रत तीन ठिकाणी हवी: शाळेत, दुसऱ्या इमारतीतल्या डिस्कवर आणि क्लाउडवर. दरवर्षी एकदा प्रत्येक डिस्क उघडून काही फाइली तपासा. कपाटात बंद पडलेली डिस्क कोणालाही न सांगता मरते.

शाळेबाहेरचं दप्तर

शाळेकडे शाळेने पाठवलेली पत्रं नसतात, आलेली असतात. दुसरी बाजू सरकारात आहे. बडोदा राज्याचं जुनं दप्तर आता गुजरात राज्य अभिलेखागाराच्या बडोद्यातल्या दक्षिण वर्तुळ कचेरीत आहे. विद्याधिकारी कचेरीचे (राज्याच्या शिक्षणखात्याचे) कागद, अनुदानाचे हुकूम, शाळा-तपासणीचे अहवाल तिथे मागा. मागताना शाळेच्या नावाबरोबर सालही द्या. राज्याचे वार्षिक अहवाल ३१ जुलैला संपणाऱ्या वर्षाचे असत. जूनमध्ये सुरू झालेली शाळा त्यामुळे ‘मागच्या’ अहवालात सापडते. राज्याची आज्ञापत्रिका चाळा, तिथे मान्यता आणि नेमणुका छापल्या जात. वर्तमानपत्रांत ‘सयाजीविजय’ आणि १९१७ पासूनचं ‘जागृति’ पाहा. बक्षीस समारंभांच्या बातम्यांत पाहुण्यांबरोबर मुलींची नावं येतात, आणि ती दुसरीकडे सहसा मिळत नाहीत. मांडवीतलं मध्यवर्ती ग्रंथालय १९१० पासूनचं आहे, जुन्या मराठी अंकांसाठी तिथून सुरुवात करा.

परीक्षांचे निकाल शोधताना शाळा त्या वर्षी कोणाच्या अमलात होती हे आधी पाहा. संस्थानकाळात मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक. बडोदा १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात गेलं, तोवर मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली होती. १ मे १९६० नंतर गुजरातचं बोर्ड. मुलींच्या शाळांच्या बाबतीत आणखी एक वाट असते: काही शाळा महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला मुली बसवत. मॅट्रिकच्या यादीत नाव नाही म्हणून मुलगी नापास झाली असं लिहू नका. इंदूर-ग्वाल्हेरच्या शाळांनी १९२९ मध्ये स्थापन झालेल्या अजमेर बोर्डाचे निकाल पाहावेत. २८ मे १९४८ नंतर मध्य भारत आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर मध्य प्रदेश.

इमारत आणि पैसा यांसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतला नोंदणीचा उतारा काढा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली झालेल्या नोंदीत मिळकत, विश्वस्त आणि त्यांतले बदल तारखेसह असतात. जुन्या हिशेबात रुपये-आणे-पै भेटतील: १६ आण्यांचा रुपया, १२ पैचा आणा, १ एप्रिल १९५७ पर्यंत. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदीत रुपया बाबाशाही (बडोदा संस्थानाचा) की कंपनीचा हे पाहिल्याशिवाय बेरीज करू नका.

फोटो

फोटो अल्बममधून उचकटू नका. अख्खं पान टिपा, मग एकेक. नवीन आवरण पॉलिएस्टरचं घ्या, पीव्हीसीचं नको. मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. ओळखीसाठी मूळ फोटो फिरवू नका. मोठी प्रत काढा, वर ट्रेसिंग कागद ठेवून प्रत्येक चेहऱ्याची बाह्यरेषा काढा, आकडा घाला आणि आकड्यापुढे नाव, सांगणारीचं नाव, तारीख लिहा. दोघींनी स्वतंत्रपणे तेच नाव सांगितलं तर पक्कं माना. एकीनेच सांगितलं तर प्रश्नचिन्ह ठेवा. सामूहिक फोटोत कडेला उभ्या असलेल्या शिपाईबाई आणि पाणी भरणाऱ्या बाईंचंही नाव विचारा, पहिल्यांदा त्यांचंच विचारा. इतरांची नावं कुठे ना कुठे मिळतात.

शिवणाचे नमुने, भरतकामाचे रुमाल सापडले तर त्यांना इस्त्री करू नका. आतल्या टाचण्या काढा, आम्लमुक्त कागदात सपाट ठेवा. घडी घालावीच लागली तर घडीत कागदाची गुंडाळी भरा.

आठवणी

ऐंशीच्या पुढच्या माजी विद्यार्थिनींपासून सुरुवात करा, अध्यक्ष आणि पाहुणे नंतर. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतली महिला मंडळं, भजनी मंडळं आणि हळदीकुंकू हा त्यांना गाठायचा सर्वांत चांगला मार्ग आहे. दोघींनी जा: एक बोलेल, दुसरी यंत्र आणि नोंदी सांभाळेल. आवाज ४८ किलोहर्ट्झ वेव्ह स्वरूपात, पंखा बंद, बैठक तासाभराची. लेखी संमतीत तीन पर्याय द्या: सर्वांसाठी खुलं, फक्त अभ्यासकांसाठी, माझ्यानंतर.

‘शाळा कशी होती?’ या प्रश्नाला ‘फार छान होती’ एवढंच उत्तर येतं. ‘आजी, मधल्या सुट्टीत पाणी कुठे प्यायचात?’ ‘फी घरून कोण आणून द्यायचं?’ ‘पाळी आली की त्या दिवशी शाळेत काय करायचात?’ ‘तुमच्या बाकावर कोण बसायचं, आणि ती पुढे कुठवर शिकली?’ असं विचारा. शेवटच्या प्रश्नाने रजिस्टरात ‘नाव कमी’ एवढंच लिहिलेल्या मुलींचा पत्ता लागतो. तारखा आठवणींवरून घेऊ नका, तारखांसाठी कागद आहेत.

लेखन

आधी तारीखवार लिहा: तारीख, घटना, कुठल्या वहीच्या कुठल्या पानावर, किती खात्रीचं. स्थापनेच्या तारखेवर शाळांमध्ये वाद होतात, कारण पहिला वर्ग भरला ती, मान्यता मिळाली ती, विश्वस्त संस्था नोंदली गेली ती आणि स्वतःच्या इमारतीत गेली ती, या चार वेगळ्या तारखा असतात. चारही द्या आणि कोणती कशाची ते सांगा. स्मरणिकेतलं विधान मूळ कागदावर सापडेपर्यंत गृहीत धरू नका. पुष्कळदा पन्नासाव्या वर्षाच्या स्मरणिकेतली चूक पंचाहत्तराव्या वर्षीच्या स्मरणिकेत तशीच उतरलेली असते.

प्रकरणं मुख्याध्यापिकांच्या कारकिर्दींवर पाडू नका. कोण मुली आल्या, काय शिकल्या, कोणी पैसे दिले, कोण मधेच गेल्या, पुढे काय झालं, अशी पाडा. कोणत्या जातींच्या मुली कोणत्या वर्षापर्यंत रजिस्टरात नाहीत, हेही लिहा. ते न लिहिणं हा निर्णय ठरतो, आणि पुढच्या वाचकांना तो कळतो.

हयात व्यक्तीची जन्मतारीख, जात, नादारी, वर्तणुकीचा शेरा छापायचा नाही, भिंतीवर लावायचा नाही, समूहात पाठवायचा नाही. नादारीचे अर्ज ७५ वर्षं बंद ठेवा. प्रदर्शनात प्रती लावा. मूळ कागद ठेवायचाच झाला तर मंद उजेडात, ५० लक्सच्या आत, तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही.

आणि चालू वर्ष विसरू नका. आजच्या सूचना पालकांच्या व्हॉट्सॲप समूहावर जातात, निकाल संकेतस्थळावर लागतात, स्नेहसंमेलनाचे फोटो कोणाच्या तरी फोनमध्ये राहतात. दर जूनमध्ये मागच्या वर्षीची परिपत्रकं, वेळापत्रक, शिक्षकांची यादी, प्रत्येक वर्गाचा नावांसह एक फोटो आणि समूहातल्या शाळेच्या सूचना एका फोल्डरमध्ये उतरवून त्याच क्रमांकपद्धतीत नोंदवा. परिपत्रकांची छापील प्रत आम्लमुक्त कागदावर काढून कप्प्यात ठेवा. दोघीजणी बसल्या तर एका दुपारचं काम आहे.